‘राब’, ‘राखणे’ आणि ‘शाश्वत शेती’ : शहापूर-मुरबाडच्या कृषिसंशोधनातील परिभाषेची समीक्षा

१

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके शेती व पर्यावरण यांच्या अभ्यासकांना अलीकडे विशेष आकर्षित करू लागले आहेत. त्याची कारणे उघड आहेत. एका बाजूस माहुलीचा डोंगर, तानसाचे अभयारण्य आणि माळशेजचा घाट. दुसऱ्या बाजूस मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि कल्याणपासून पुढे सरकत आलेली नागरी वस्ती. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे भातसाही मुंबईच्या उपयोगास आली. महानगराला पाणी देणारा हा मुलूख स्वतः मात्र मुख्यतः पावसावरच्या एका भातपिकावर जगत आला. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा अनेक समाजांची वस्ती येथे आहे. शाश्वत शेती, हरित उद्योग आणि पर्यावरण व्यवस्थापन या तीन मथळ्यांखाली होणाऱ्या संशोधनाला याहून सोयीचे क्षेत्र क्वचितच मिळेल.

प्रस्तुत टिपणात या संशोधनाच्या निष्कर्षांची तपासणी अभिप्रेत नाही. ते कार्य कृषिशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे. येथे विचार करावयाचा आहे तो ज्या शब्दांच्या साह्याने हे निष्कर्ष मिळविले जातात त्या शब्दांचा. परिभाषेचा प्रश्न हा शैलीचा किंवा शब्दशुद्धीचा प्रश्न आहे, अशी समजूत विद्यापीठीय वर्तुळात अजूनही आढळते. क्षेत्रीय संशोधनात ही समजूत महाग पडते. प्रश्नावलीतील शब्द चुकला की उत्तर चुकते. उत्तर चुकले की कोष्टक चुकते. आणि कोष्टक चुकले की त्यावर आधारलेली शिफारस चुकते. या साखळीच्या शेवटी उभा असतो तो शेतकरी, आणि चुकीचा भारही त्याच्याच माथी येतो.

२

प्रथम ‘शाश्वत’ हा शब्द पाहू. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल १९८७ साली प्रसिद्ध झाला. आजच्या पिढीच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याची शक्ती खुंटू नये, असा त्यातील विकासकल्पनेचा आशय आहे. ही कल्पना भारतीय भाषांत आली तेव्हा हिंदीने मुख्यतः ‘सतत’ आणि ‘टिकाऊ’ हे शब्द पत्करले. मराठीत ‘चिरस्थायी’, ‘टिकाऊ’ हे शब्द काही काळ वावरले, परंतु अखेर ‘शाश्वत’ स्थिर झाला.

या निवडीत एक अर्थान्तर घडले. मूळ कल्पनेत तोलून धरण्याचा, भार सोसण्याचा, म्हणजे एका क्रियेचा भाव आहे. ती क्रिया कोणीतरी करावी लागते आणि ती थांबली तर आधार कोसळतो. ‘शाश्वत’ शब्दात क्रिया नाही. जे काळाच्या पलीकडचे, ज्याला क्षय नाही, ते शाश्वत. आत्मा शाश्वत आणि देह नश्वर असे म्हणणाऱ्या परंपरेतून हा शब्द मराठी मनात उतरलेला आहे. आता शेती ही या अर्थाने कधीच शाश्वत नसते. ती दर मृगाला नव्याने मांडावी लागते.

याशिवाय मराठी प्रशासनाने या शब्दाला दुसरा एक व्यावहारिक अर्थ दिलेला आहे. ‘शाश्वत सिंचन’, ‘शाश्वत पाणीपुरवठा’ या प्रयोगांत ‘शाश्वत’ म्हणजे खात्रीचे, हमखास मिळणारे. तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या आणि वर्तमानपत्राच्या भाषेत हा अर्थ चांगलाच रुळलेला आहे. तेव्हा शहापुरातील ज्या शेतकऱ्याच्या गावाजवळून धरणाचे पाणी नळांतून मुंबईकडे जाते आणि ज्याच्या खाचरात मात्र आश्विनानंतर पाण्याचा टिपूस नसतो, त्याला ‘शाश्वत शेती’ म्हणजे ‘हमखास पाण्याची शेती’ असा बोध झाला तर त्यात त्याचा दोष कोणता? शब्दाचा त्याच्या परिसरात चालू असलेला अर्थच त्याने घेतला.

अशा संशोधनातील प्रश्नावलीचा एक ठरीव साचा असतो. ‘शाश्वत शेती ही संकल्पना आपणास माहीत आहे काय?’ हा त्यातील पहिला प्रश्न. ‘होय’ आणि ‘नाही’ ही दोन उत्तरे. ‘नाही’ या उत्तरांची बेरीज करून तिला ‘जाणीवजागृतीचा अभाव’ असे नाव दिले जाते आणि प्रबंधाच्या अखेरीस प्रशिक्षण शिबिरांची शिफारस येते. वस्तुतः या प्रश्नाने एकच गोष्ट मोजलेली असते : एक विशिष्ट अनुवादित संज्ञा त्या गावापर्यंत पोचली आहे किंवा नाही. शब्दाचे अपरिचितपण आणि वस्तूचे अज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषाशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविला जाणारा हा भेद क्षेत्रीय संशोधनात सर्रास विसरला जातो.

३

‘हरित’ या विशेषणाची कथा वेगळी, पण तितकीच बोधप्रद आहे. ‘हरित क्रांती’ हा शब्दप्रयोग १९६८ साली इंग्रजीत घडला आणि लगोलग मराठीत आला. त्या वेळी ‘हरित’चा संकेत संकरित व सुधारित बियाणे, रासायनिक खते, कीटकनाशके आणि कालव्याचे पाणी यांच्याकडे होता. पुढे पर्यावरणविचाराचा प्रसार झाल्यावर याच विशेषणाला जवळजवळ उलटा अर्थ चिकटला. आज ‘हरित उद्योग’ म्हणजे प्रदूषण टाळणारा, साधनसंपत्ती जपून वापरणारा उद्योग. एकाच शेतकऱ्याच्या हयातीत युरियाच्या पोत्यालाही हरित म्हटले गेले आणि युरिया टाळण्यालाही. विशेषण कायम राहून त्याखालील वस्तू अशी पालटते तेव्हा ते विशेषण वर्णनाच्या कामाचे उरत नाही, ते केवळ शिफारसपत्र होते. संशोधकाने शिफारसपत्राला व्याख्या समजू नये.

तथापि अनुवादित संज्ञा म्हणजे वाईट संज्ञा, असा सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ‘सेंद्रिय’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. व्युत्पत्तीने पाहता ‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांनी युक्त; खताला इंद्रिये कोठून असणार? परंतु हा शब्द शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत अशा हातात धरता येणाऱ्या पदार्थांबरोबर गावात गेला. वस्तू दिसली, शब्द तिला चिकटला आणि रुळला. ‘शाश्वत’ शब्दाबरोबर कोणतीही वस्तू गेली नाही. संज्ञा देशी आहे की घडविलेली, यापेक्षा ती कोणत्या व्यवहाराच्या सोबतीने आली, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

४

परक्या शब्दाने होणाऱ्या गोंधळापेक्षा मोठी हानी आपल्या शब्दाच्या लोपाने होते. ‘राब’ हा तो शब्द होय.

भाताचे आवण, म्हणजे लावणीसाठीची रोपे, ज्या तुकड्यात वाढवावयाचे त्या तुकड्याची उन्हाळ्यात भाजणी करतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर गवत व पालापाचोळा, आणि सर्वांत वर आग संथपणे चालावी म्हणून बारीक मातीचा पातळ थर, अशी ही रचना असते. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन ती पेटवितात. या सामग्रीला राब म्हणतात, ती जाळण्याच्या कृतीला राब भाजणे म्हणतात, आणि भाजलेल्या तुकड्यालाही राबच म्हणतात. द्रव्य, क्रिया आणि स्थान या तिहींना एकच शब्द असणे हे त्या व्यवहाराच्या एकसंधपणाचे द्योतक आहे. पाऊस पडताच राबात बी पेरतात. रोपे हाती येण्याजोगी झाली की उपटून, मुठी बांधून चिखलणी केलेल्या खाचरात त्यांची आवणी करतात.

राबासाठी टहाळ आणि गवत लागते. ते भातखाचरात नसते. ते येते वरकस जमिनीतून आणि लगतच्या रानातून. ऐनासारख्या झाडाच्या फांद्या यासाठी विशेष मानल्या गेल्या. याच वरकस उतारावर नागली, वरई ही पिके आलटून पालटून येतात आणि मधल्या वर्षांत गवत वाढते. म्हणजे खाचर, वरकस आणि रान या तीन जमिनी ‘राब’ या एका शब्दाने परस्परांशी बांधलेल्या आहेत. हा शब्द ज्याच्या टाचणात आला त्याच्या टाचणात सगळी शेतीव्यवस्था आली. ज्याच्या प्रश्नावलीत केवळ ‘भाताखालील क्षेत्र’ आणि ‘पडीक क्षेत्र’ असे दोन रकाने आहेत, त्याच्या हातून ती निसटली. कारण वरकसाची नोंद तो ‘पडीक’ म्हणून करतो, आणि ‘पडीक’ जमीन मोकळी दिसताच तिच्यावर वृक्षलागवडीची वा उद्योगाची योजना सुचविणे पर्यावरण व्यवस्थापकास सोपे जाते.

५

या शब्दाला शासकीय कागदपत्रांत मोठा इतिहास आहे आणि तो अभ्यासकांनी अवश्य वाचावा असा आहे. १८७८ च्या वनकायद्याने राखीव व संरक्षित जंगलांची आखणी सुरू झाली आणि टहाळ तोडण्याच्या वहिवाटीवर निर्बंध येऊ लागले. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राबाची दखल घेतलेली आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी वाढल्यावर १८८५ साली मुंबई वन आयोग नेमला गेला आणि १८८७ साली त्याचा अहवाल आला. राब हा त्या वादातील एक प्रमुख मुद्दा होता.

याच सुमारास मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक ओझान यांनी राबाचे तुलनात्मक प्रयोग करविले. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी हिंदुस्थानच्या शेतीसुधारणेवरील १८९३ च्या आपल्या अहवालात या प्रश्नाचा परामर्श घेतला. शेतकऱ्याचा राबाविषयीचा आग्रह निराधार नाही, हे त्या चर्चेतून पुढे आले. भाजणीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते आणि रोप जोमाने उठते. अशा रीतीने, वनखात्याच्या दृष्टीने जो लाकडाचा नाश होता तो कृषिखात्याच्या दृष्टीने एक सहेतुक तंत्र ठरला.

स्वातंत्र्यानंतर या शब्दाला आणखी एक मान मिळाला. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ यातील ‘शेती’च्या व्याख्येत राबखतासाठी होणाऱ्या जमिनीच्या वापराचा समावेश करण्यात आला, मग ती जमीन भातजमिनीला जोडलेली असो वा नसो. कायद्याच्या मसुदाकारांनी शेतकऱ्याचा शब्द उचलून व्याख्येत ठेवला, कारण त्याशिवाय कुळाचा हक्क निश्चित होत नव्हता. पुढे १९९० साली इंद्रा मुन्शी सालडाना यांनी ठाणे जिल्ह्यातील पारंपरिक शेतीपद्धतींच्या राजकीय परिस्थितिविज्ञानावर इंग्रजीत शोधनिबंध लिहिला. स्थानिक पद्धतीला तिच्या नावानिशी सामोरे जाणारे संशोधन कसे असते याचा तो नमुना आहे.

या पार्श्वभूमीवर एक विसंगती डोळ्यांत भरते. परक्या सरकारच्या अहवालांनी जो शब्द रोमन लिपीत का होईना जसाच्या तसा ठेवला, तो आजच्या मराठी संशोधनाच्या पानांवर ‘जैवभार ज्वलन’ होऊन येतो. ‘जैवभार ज्वलन’ या संज्ञेत पंजाब-हरियाणातील पेंढ्याची आग आणि मुरबाडच्या डोंगरकुशीतील राब एकाच रांगेत बसतात. वास्तविक पहिल्यात पीक निघाल्यावर शेत लवकर मोकळे करणे हा हेतू असतो. दुसऱ्यात पुढच्या पिकाची तयारी हा हेतू असतो. धूर दोन्हींत निघतो हे खरे. परंतु हेतू, क्षेत्र, प्रमाण आणि ऋतू यांतील भेद संज्ञेनेच पुसून टाकले तर उपाय सुचविताना ते पुन्हा कोठून आणावयाचे?

६

याचा अर्थ राब निर्दोष आहे असा नव्हे. भाजणीत सेंद्रिय द्रव्य आणि नत्र यांची हानी होते. टहाळासाठी झाडे वारंवार बोडकी होतात. टहाळ वाहून आणण्याचे कष्ट मोठे असतात. जुन्या शब्दाचे अगत्य म्हणजे जुन्या पद्धतीचे समर्थन, असा घोटाळा समीक्षकानेही करू नये. राबाला पर्याय शोधणाऱ्या प्रयत्नांकडे पाहिले म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो.

डॉ. एन. के. सावंत यांच्या नावाशी निगडित असलेली आणि कृषिविभागाने प्रसारित केलेली ‘चारसूत्री’ भातलागवड घ्यावी. तिचे पहिले सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे : भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळावयाची, म्हणजे रोपाला सिलिका मिळते व ते कणखर होते. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा हिरवा पाला खाचरात गाडण्याचे. तिसरे नियंत्रित अंतरावर लावणी करण्याचे, आणि चौथे युरिया-डीएपीच्या गोळ्या चुडांच्या मधोमध खोचण्याचे. पहिली दोन सूत्रे नीट पाहिली तर रोपाला राख आणि खाचराला झाडाचा पाला या दोन जुन्या ओळखीच्या गोष्टी तेथे नव्या विभागणीने आलेल्या दिसतात. राख रानातून न येता तुसातून आली. पाला जळण्याऐवजी कुजला. राबाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्या शेतकऱ्याला हे दोन वाक्यांत सांगता येते. ज्या प्रसारकाने ‘राब’ शब्दच टाकून दिला, त्याला मात्र सगळा पाठ पहिल्यापासून द्यावा लागतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपले आजवरचे सर्व ज्ञान रद्द झाले.

दुसरे उदाहरण मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील. नेरळजवळच्या सगुणाबागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राइस तंत्रा’त कायम गादीवाफ्यांवर साच्याने छिद्रे पाडून भाताचे बी थेट टोकले जाते. चिखलणी नाही, आवणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवावयाची. जेथे आवणच लागत नाही तेथे राबाचे प्रयोजनही उरत नाही. वनखात्याच्या बंदीने जे साधले नाही ते प्रयोजन संपल्याने साधू शकते. भाषिक दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, या तंत्राच्या नावात ‘राइस’ हा इंग्रजी शब्द बिनदिक्कत बसला आहे, आणि त्याच वेळी कृतीचे शब्द गादीवाफा, साचा, टोकणणे हे शेतकऱ्याच्या हातातले आहेत. नाव परके आणि क्रियापद घरचे अशी ही रचना आहे, आणि ती चालते.

याच तंत्राविषयी ‘शाश्वत’ हे लेबल किती अपुरे पडते तेही दिसते. नांगरट न केल्याने मातीची धूप थांबते, हा त्याचा गुण. परंतु तण आवरण्यासाठी तणनाशकाचा आधार घेतला जातो, हा वादाचा विषय. मातीच्या दृष्टीने जे राखणारे आहे ते पाण्याच्या व जीवजंतूंच्या दृष्टीने तसेच आहे काय, हा खरा संशोधनप्रश्न होय. ‘ही शेती शाश्वत आहे’ असे एकदा लिहून टाकले की तो प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही.

७

येथे ‘राखणे’ या क्रियापदाचा निर्देश अपरिहार्य ठरतो. बी राखणे, गवत राखणे, रान राखणे, पाणी राखणे, जमिनीचा कस राखणे हे सर्व प्रयोग मराठीत सहज आहेत. या क्रियापदाला कर्ता लागतो आणि कर्म लागते : कोणी राखले, काय राखले, कोणासाठी राखले, कोणापासून राखले. ब्रुंटलँड आयोगाच्या कल्पनेतील क्रिया, काळ आणि उत्तरदायित्व ही तिन्ही अंगे यात आहेत. ‘व्यवस्थापन’ या भाववाचक नामात कर्ता लपतो. ‘राखीव जंगल’ या कर्मणि विशेषणात तर तो पूर्णच नाहीसा होतो, आणि ‘कोणी, कोणासाठी राखले’ हा १८८५ सालचा प्रश्न व्याकरणाच्या आड दडून बसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काच्या रूपाने तोच प्रश्न पुन्हा उघडा केला.

राख आणि राखणे यांतील ध्वनिसाम्यही केवळ यमकापुरते नाही. संस्कृत ‘रक्षा’ शब्दाला कोशांत संरक्षणाबरोबरच राख असाही अर्थ दिलेला आहे. परंतु व्युत्पत्तीवरून शेतीचा सिद्धान्त काढण्याचा मोह टाळलेला बरा. मुद्दा व्युत्पत्तीचा नसून वापराचा आहे.

या सर्व प्रकरणात भाषाशास्त्राने हात झटकून चालणार नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीविषयक खंडात ठाण्याकडील ठाकरी, कातकरी, वारली या बोलींचे नमुने आले. पण नमुन्याचा मुख्य आधार म्हणजे उधळ्या पुत्राच्या बोधकथेचे भाषांतर. त्यातून रूपप्रक्रिया कळते, राब कळत नाही. त्याच ग्रिअर्सन यांनी १८८५ साली बिहारच्या शेतकरी जीवनातील अवजारे, कामे आणि जमिनींचे प्रकार यांचा विस्तृत शब्दसंग्रह प्रसिद्ध केला होता. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’ने १९१५ साली देशावरच्या गावाची शब्दसृष्टी नोंदविली. हे दोन मार्ग समोर असताना बोलीभाषांच्या अभ्यासाने बहुधा पहिल्या प्रकारचाच, ध्वनी व प्रत्यय यांचा, मार्ग धरला. शेतीच्या शब्दाकडे आपण केवळ उच्चारासाठी पाहिले. मग कृषिसंशोधकाने त्याच्याकडे पाहिलेच नाही, अशी तक्रार करण्याचा अधिकार मर्यादितच राहतो.

यावरून पदव्युत्तर संशोधनासाठी काही सूचना निघतात. क्षेत्रात उतरण्यापूर्वी त्या गावातील जमीन, पाणी, झाडे, कामे आणि ऋतू यांच्या शब्दांचे टाचण करावे व ते प्रबंधाचे अंग मानावे, परिशिष्ट नव्हे. प्रश्नावलीत संकल्पनेविषयीच्या प्रश्नांऐवजी कृतीविषयीचे प्रश्न असावेत : यंदा राब भाजला काय, टहाळ कोठून आणला, भाजला नसल्यास आवण कसे केले, कोणत्या भाताचे बी राखले, वरकसात या वर्षी काय आहे. एकच शब्द कुणबी, ठाकूर आणि कातकरी एकाच अर्थाने वापरतात असे गृहीत धरू नये. अखेरीस, ‘शाश्वत’, ‘हरित’ यांसारखी संज्ञा वापरावयाची झाल्यास ती निष्कर्षात यावी, प्रश्नात नव्हे. शेतकऱ्याने काय केले ते त्याच्या शब्दांत नोंदवावे. ते शाश्वत आहे किंवा नाही हे ठरविण्याचे ओझे संशोधकाने स्वतः उचलावे.

शहापूर-मुरबाडची वरकस जमीन आज वेगाने हात पालटत आहे. आवणीला माणसे मिळेनाशी झाली आहेत आणि राब भाजणारे हातही कमी होत आहेत. राब पुढे टिकेल किंवा न टिकेल. ते शेतकऱ्याच्या सोयीवर आणि भाताच्या गणितावर अवलंबून राहील. परंतु तो गेला तर कशासह गेला आणि त्याच्या जागी काय आले, हे सांगता येण्यासाठी तो शब्द नोंदीत असावा लागेल. ज्या संशोधनाच्या कोष्टकात वरकस ‘पडीक’ आणि राब ‘ज्वलन’ म्हणून उतरला, त्याला हा बदल कधी दिसणारच नाही.